पीएचपी-मायएसक्यूएलचा इंटरव्ह्यू देताय? कनेक्शनच्या प्रश्नात या चुका टाळा

"डेटाबेसला कनेक्ट कसं कराल?" हा प्रश्न फ्रेशरला हमखास येतो आणि अजूनही कितीतरी मुलं जुन्या नोट्समधलं मायएसक्यूएल_कनेक्ट हे फंक्शन सांगून मोकळी होतात. अहो ते पीएचपी 7 मध्ये, म्हणजे 2015 लाच काढून टाकलंय, आता थेट फेटल एरर येतो. मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ सांगा, ही पीएचपीला डेटाबेसशी जोडणारी एक्स्टेन्शन्स आहेत. पीडीओने पोस्टग्रेस, एसक्यूलाइट अशा दुसऱ्या डेटाबेसनाही जोडता येतं, पण म्हणून "डेटाबेस बदलला तरी कोड तोच" असं बोलू नका, क्वेऱ्या बदलाव्या लागतातच.

खरी परीक्षा पुढे असते: "कनेक्शन होत नाहीये, काय कराल?" यावर "पासवर्ड चेक करतो" एवढंच म्हणून गप्प बसू नका. आधी एरर नंबर बघा. 1045 आला म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण आत घेतलं नाही, मग मेसेजमध्ये यूजरच्या नावापुढे ॲटच्या खुणेनंतर कुठला होस्ट दिसतोय ते वाचा, कारण मायएसक्यूएलमध्ये अकाउंट म्हणजे यूजर आणि होस्ट अशी जोडी असते, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही दुसऱ्या मशीनवरून नकार मिळू शकतो. 2002 आला तर सर्व्हरच सापडला नाही. लिनक्सवर लोकलहोस्ट लिहिलं की सॉकेट फाइलमधून (त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅममधला थेट रस्ता) जायला बघतं, 127.0.0.1 लिहिलं की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या रस्त्याने, पोर्ट 3306, म्हणून एक चालतं आणि दुसरं नाही असं होतं. डॉकरमध्ये प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र डब्यांत चालतात, तिथे तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव द्यायचं. हे इतकं नीट सांगितलंत ना, तर समोरच्याला कळतं की याने खरंच हाताने काम केलंय.

एसक्यूएल इंजेक्शनवर, म्हणजे यूजरने इनपुटमधून क्वेरीत घातक कोड घुसवण्यावर, सगळे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि व्हॅल्यू वेगवेगळ्या देणं) म्हणतात, बरोबरच आहे, पण टेबल किंवा कॉलमचं नाव बाइंड होत नाही, म्हणजे व्हॅल्यूसारखं वेगळं देता येत नाही, क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायसाठी यूजरकडून कॉलम येत असेल तर ठरलेल्या यादीशी ताडून घ्यावं लागतं. हा उपप्रश्न बऱ्याच जणांना अडकवतो.

आणि मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात तो प्रॉब्लेम, तो तर आपल्याला यायलाच हवा! टेबल यूटीएफ8एमबी4 (मराठीसह सगळ्या लिपींची अक्षरं साठवणारा कॅरेक्टर सेट) करून भागत नाही, कनेक्शनचा कॅरेक्टर सेटही तोच द्या. टेबलात प्रश्नचिन्हंच सेव्ह झाली असतील तर मूळ अक्षरं गेली, सेटिंग बदलून ती परत येत नाहीत, डेटा पुन्हा भरावा लागतो.