शून्यावर न येणारा आलेख

पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत इंडियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या एका क्वांटम डॉटमधून, म्हणजे काही नॅनोमीटरच्या कणातून, एकेकटे फोटॉन (प्रकाशकण) मिळवण्याचा प्रयत्न चालू होता. डॉट द्रवरूप हेलियमने ४ केल्व्हिनपर्यंत थंड केलेला होता. स्रोत खरोखर एकल असेल तर अर्धपारदर्शक आरशाच्या दोन्ही बाजूंचे शोधक एकाच क्षणी फोटॉन टिपत नाहीत आणि सहसंबंधाचा, म्हणजे दोघे किती वेळा एकत्र टिपतात याचा, आलेख मध्यभागी जवळजवळ शून्यापर्यंत खाली येतो. आमचा मात्र ०.३६ वर अडून बसला. एकल स्रोत मानायला लागणाऱ्या ०.५ या मर्यादेच्या खाली तो होता खरा, पण समाधान होण्याजोगा नव्हता.

दोन आठवडे मी लेसरची शक्ती आणि फिल्टर बदलत बसलो. मग पावसाळ्यात नेहमीप्रमाणे संध्याकाळी वीज गेली. यूपीएसवर लेसर आणि शोधक चालू राहिले, कोपऱ्यातला दिवा तेवढा विझला, आणि सेकंदाला २५,००० दिसणारी मोजणी २०,००० वर आली.

म्हणजे पाचवा हिस्सा बाहेरचा प्रकाश होता. एकूण मोजणीत खरा संकेत ०.८ आणि बाकीचा प्रकाश विस्कळीत असेल, तर आलेखाचा तळ काढताना ०.८ चा वर्ग ०.६४ एकातून वजा केल्यावर नेमके ०.३६ उरतात, हे गणित आधीच करायला हवे होते. दिव्याचा उजेड शोधकांकडे जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या पातळ पिवळ्या आवरणातून आत शिरत होता. फायबर काळ्या नळीत घातली, जोडांवर काळे कापड दुहेरी गुंडाळले आणि मोजणी पुन्हा लावली. आलेख ०.०६ पर्यंत उतरला.