लँथॅनम आधी भाजा, मग हेलियमचं बघू

नाशिकमधून एमएस्सी फिजिक्स करणारी बरीच मुलंमुली विचारतात की ताई, लो टेंपरेचर मॅग्नेटिझममध्ये यायचंय तर सुरुवात कुठून करू, हेलियम कुठे मिळतं, कुठली मशीन शिकू. माझं उत्तर दरवेळी एकच, आधी सॅम्पल नीट बनवायला शिक. समोरच्याचा हिरमोड होतो, कारण त्याच्या डोक्यात द्रव हेलियमचं ४ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस असतं आणि मी खलबत्त्याचं बोलत असते. पण मला हे शिकायला एक अख्खा पावसाळा आणि इंदूरची एक खेप लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं पहिलं सॅम्पल होतं लँथॅनम (रेअर अर्थ गटातला एक धातू) कॅल्शियम मँगनाइट, ०.७ लँथॅनम, ०.३ कॅल्शियम, एक मँगनीज, तीन ऑक्सिजन. नवीन माणसाने यानेच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. साधारण २५० केल्विनला, म्हणजे शून्याखाली वीसेक अंशांवर, हे फेरोमॅग्नेट, म्हणजे लोखंडासारखं चुंबकीय होतं आणि तिथेच त्याचा रेझिस्टन्स धाडकन खाली येतो. वर इन्सुलेटरसारखं, खाली धातूसारखं. कारण असं की मँगनीजचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरून शेजारच्या मँगनीजवर उडी मारतो, पण दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांची बारीक चुंबकं, एका दिशेला असतील तरच ती उडी सोपी जाते. भौतिकशास्त्रज्ञ झेनरने १९५१ मध्ये हे मांडलं, त्याला डबल एक्स्चेंज म्हणतात. बाहेरून मॅग्नेटिक फील्ड लावलं की स्पिन अजून सरळ होतात, म्हणून रेझिस्टन्स आणखी पडतो. मुख्य म्हणजे हे सगळं बघायला हेलियम लागतच नाही, लिक्विड नायट्रोजन ७७ केल्विनचं, ते पुरतं. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावी जे नायट्रोजनचं भांडं फिरतं ना, तसंच भांडं लॅबमध्ये असतं. फक्त खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि झाकण कधीच घट्ट बंद करू नका, यात हयगय नको.

तर जुलै महिना, बाहेर संततधार, आणि मी लँथॅनम ऑक्साइडची बाटली उघडून थेट वजन केलं. कॅल्शियम कार्बोनेट आणि मँगनीज ऑक्साइड घातलं, अगेटच्या खलात तासन्‌तास घोटलं, फर्नेसमध्ये टाकलं, परत घोटलं, पावडर दाबून पेलेट म्हणजे गोळ्या केल्या, परत भाजल्या. एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने सॅम्पलमध्ये कुठली संयुगं आहेत ते दाखवणारा आलेख, बऱ्यापैकी स्वच्छ दिसला, एक दोन बारीक पीक होते त्यांच्याकडे मी नॉइज म्हणून दुर्लक्ष केलं. मग सरांच्या प्रोजेक्टमधून इंदूरच्या यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन केंद्रात मेजरमेंट मिळालं, नाशिकच्या द्वारका सर्कलवरून रात्रीची बस, धुळे सेंधवा करत सकाळी इंदूर, पिशवीत बटर पेपरच्या पुड्या आणि त्या सिलिका जेलच्या डबीत.

मॅग्नेटायझेशनचा (टेंपरेचरप्रमाणे सॅम्पल किती चुंबकीय होतं त्याचा) कर्व्ह आला तर ४३ केल्विनच्या आसपास स्पष्ट टेकाड. मला वाटलं नवीन काहीतरी सापडलं. रात्रभर झोप नाही, वहीत तीन पानं भरून थिअरी लिहिली. परत आल्यावर सरांनी कर्व्ह बघितला आणि एवढंच विचारलं, "लँथॅनम भाजलं होतंस का?"

लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पितं आणि हळूहळू हायड्रॉक्साइड, कार्बोनेट होत जातं. दिसायला तेच पांढरं पीठ. मी त्याच बाटलीतलं ५ ग्रॅम घेऊन ९५० अंशांवर रात्रभर ठेवलं, सकाळी ४.४ भरलं. म्हणजे मी शंभर म्हणून जे मोजलं होतं त्यात लँथॅनम ऑक्साइड फक्त अठ्ठ्याऐंशी होतं, लँथॅनम कमी पडल्यामुळे मँगनीज उरलं आणि त्याचं एमएन-थ्री-ओ-फोर झालं, जे नेमकं ४२-४३ केल्विनला फेरीमॅग्नेटिक, म्हणजे एका प्रकारे चुंबकीय होतं. एक्सआरडीतले ते बारीक पीकही त्याचेच. आणि तेवढ्याच भागात अजून एक फसवणूक लपलेली असते, सॅम्पलच्या जागेत हवा राहिली तर गोठलेला ऑक्सिजनही ४३ च्या आसपास स्वतःचा बदल दाखवतो. म्हणून त्या टेंपरेचरला काही दिसलं की आधी या दोघांना हाकला, मग पेपरचा विचार करा.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रेअर अर्थ ऑक्साइड भाजायचं, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (हवेतला ओलावा न लागणाऱ्या बंद भांड्यात) टाकायचं, थंड झाल्या झाल्या वजन. सॅम्पल स्टीलच्या चिमट्याने धरायचं नाही, लोखंडाचा कण लागला तर मॅग्नेटोमीटरला तो दिसतो, प्लास्टिकचा चिमटा घ्या. रेझिस्टन्स फोर प्रोबनेच घ्या, बाहेरच्या दोन वायरींतून करंट, आतल्या दोघींवर व्होल्टेज, म्हणजे सिल्व्हर पेस्टच्या जोडाचा रेझिस्टन्स मध्ये येत नाही. करंट उलटा करून दुसरं रीडिंग घ्यायचं, टेंपरेचरच्या फरकाने वायरीत जे व्होल्टेज तयार होतं ते त्याने कटतं. झिरो फील्ड कूल्ड, म्हणजे फील्ड न लावता थंड करून मग मोजलेला कर्व्ह निगेटिव्ह आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा मॅग्नेटमध्ये थोडं फील्ड अडकून राहिलेलं असतं.

रेअर अर्थ म्हणजे फक्त थंडीचाच विषय असंही नाही. गॅडोलिनियम या रेअर अर्थचा क्युरी पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर फेरोमॅग्नेटपणा जातो ते टेंपरेचर, साधारण २० अंश सेल्सिअस. जानेवारीत निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात तेव्हा गॅडोलिनियमचा तुकडा मॅग्नेटला चिकटतो, आणि एप्रिलच्या दुपारी तोच तुकडा तिथून गळून पडतो. माझ्या निफाडच्या मैत्रिणीला मी हे करून दाखवलं तेव्हा तिने तो तुकडा मुठीत धरून गरम केला, सोडला, परत धरला, असं कितीतरी वेळ चाललं होतं तिचं.

पुढे जायचं असेल तर नेट, गेट आणि जेस्ट या तिन्ही प्रवेश परीक्षा द्या, एकावर विसंबू नका. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) याच क्षेत्रातलं मोठं काम झालंय, १९९४ ला इट्रियम निकेल बोरॉन कार्बनची सुपरकंडक्टिव्हिटी तिथेच सापडली. पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन तिथलं एखादं व्याख्यान ऐकून या, समजलं नाही तरी.

सप्टेंबरात मी भाजलेल्या लँथॅनमने नवीन सॅम्पल बनवलं आणि परत इंदूरला गेले. २५० च्या आसपासची उडी जिथे हवी तिथे आली. मग ४३ यायची वाट बघत स्क्रीनसमोर बसले, पन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस, आणि रेषा सपाट गेली.