पॅनल उघडेना, तेव्हा काळी स्क्रीनच कामी आली

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं आहे. ऐन सौद्याच्या वेळी मालकांचा फोन आला, "दादा, बिलं निघंनात. लवकर या."

सर्व्हर लिनक्सचा, पण मला सवय ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या पॅनलची आणि बटणांची. त्या दिवशी पॅनलच उघडेना. लॉगिन केलं की परत लॉगिनच. मग एसएसएचनं, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवरून, सर्व्हरमध्ये शिरलो, कमांड आठवत आठवत. डिस्क किती भरली ते दाखवणारं 'डीएफ -एच' मारलं तर डिस्कचं मूळ पार्टिशन १०० टक्के भरलेलं. पॅनलला सेशनची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायची, फाइल लिहायलाच जागा नव्हती, म्हणून ते मला बाहेर ढकलत होतं.

कशानं किती जागा खाल्ली ते 'डीयू'नं शोधलं. बिलिंगच्या प्रोग्रामची लॉग फाइल (तो आपल्या नोंदी लिहितो ती), ३८ जीबी! घाईत 'आरएम' करून ती पुसली, तरी डीएफ १०० वरच. मालक डोक्यावर उभे, नि मला घाम. उघड्या फाइली दाखवणाऱ्या 'एलएसओएफ'नं बघितलं तेव्हा कळलं: फाइलचं नाव गेलं होतं, पण प्रोग्रामनं ती उघडीच धरली होती, आणि तो सोडेपर्यंत लिनक्स जागा मोकळी करत नाही. प्रोग्राम रीस्टार्ट केला, जागा सुटली, पॅनलही उघडलं. खरं तर फाइल न पुसता 'ट्रंकेट -एस ०'नं रिकामी केली असती, तर रीस्टार्टही लागला नसता.

मग लॉग वाढू न देणारा लॉगरोटेट लावला, कॉपीट्रंकेटसकट, म्हणजे तो लॉगची प्रत काढून मूळ फाइल न पुसता रिकामी करतो. युजर वाढवायला, बॅकअप बघायला मी अजून पॅनलच वापरतो, उगाच फुशारकी कशाला? पण पाचसहा कमांड आता वहीच्या मागच्या पानावर आहेत. मालकांनी चहा पाजला. माझं बिल मात्र "पुढच्या आठवड्यात".