निळ्या नक्षीचे चिनी भांडे पारखताना

बीजिंगच्या पानजियायुआन बाजारात निळ्या नक्षीचे पोर्सिलेनचे भांडे आवडले, तर आधी ते उलटे करून तळाची कडा पाहावी. झिलई नसलेल्या या कडेवरून बोट फिरवल्यावर जुन्या भांड्याची कडा बहुधा वापराने गुळगुळीत झालेली जाणवते. कडेवर तपकिरी रंग सगळीकडे सारखाच चोपडलेला दिसला, तर भांडे जुने भासावे म्हणून तो मुद्दाम लावल्याचा संशय घ्यावा. कांगशी सम्राटाच्या (१६६२–१७२२) तळावर लिहिलेल्या नाममुद्रेवर विसंबू नये, कारण एकोणिसाव्या शतकातील कारागीरही ती सर्रास लिहीत. १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास चीनमध्ये सर्वसाधारणपणे मनाई आहे, तेव्हा विक्रेता छातीठोकपणे ‘मिंग काळातले’ (१३६८–१६४४) म्हणत असेल, तर ते खोटे असलेलेच बरे! निव्वळ शोभेसाठी हवे असल्यास पोर्सिलेनसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन शहरातील आजच्या कारागिरांकडून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.