मुलांना विशेषण आणि क्रियाविशेषण यातला फरक कसा शिकवायचा

शाळेत बहुतेकदा एवढंच सांगतात की "कसा, कशी, कसं" विचारा आणि उत्तर आलं की ते विशेषण. आता मुलगा कसा? हुशार. मुलगा कसा धावतो? भरभर. दोन्हीकडे "कसा" आहेच, मग पोरांनी करायचं काय? म्हणून माझं म्हणणं असं की "कसा"च्या मागे लागू नका, हा शब्द कोणाबद्दल बोलतोय ते आधी विचारा. वस्तूबद्दल किंवा माणसाबद्दल बोलत असेल तर विशेषण, कामाबद्दल बोलत असेल तर क्रियाविशेषण.

वहीत एक वाक्य लिहा, "मोठा वडा पटकन संपला." पेन्सिल मुलाच्या हातात द्या आणि बाण काढायला सांगा. "मोठा"पासून बाण कुठे जातो? वड्याकडे. "पटकन"पासून? "संपला"कडे. अडलंच तर जोड्या मोठ्याने म्हणून बघायच्या, "मोठा वडा" बरोबर वाटतं, "पटकन वडा" म्हटलं की पोरं खिदळतात, आणि एकदा हसली ना की मग लक्षात राहतं.

मग वडा काढून जिलबी ठेवा, नंतर थालीपीठ. मोठी जिलबी पटकन संपली, मोठं थालीपीठ पटकन संपलं. मोठा-मोठी-मोठं असं बदलत गेलं, "पटकन" मात्र जागचं हललं नाही. पुस्तकात विकारी-अविकारी म्हणतात ते हेच, पण आधी हे असं दाखवा आणि ते जड शब्द नंतर सांगा. फक्त एक आहे, बदलला नाही म्हणजे क्रियाविशेषणच असं पोरांच्या डोक्यात बसू देऊ नका कारण लाल, सुंदर, हुशार हे पण बदलत नाहीत, लाल फ्रॉक, लाल टोपी, लाल फूल. म्हणून पहिला नंबर बाणाचा, बदलून बघणं त्यानंतर.

सगळ्यात मजा येते ती चिठ्ठ्यांच्या खेळात. आपल्या मराठीत "-कन" वाले शब्द किती आहेत बघा, पटकन, टुणकन, धाडकन, भसकन, चटकन, आणि दुसऱ्या बाजूला लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट. सगळे एका डब्यात टाका. चिठ्ठी उचलायची आणि एकतर तशी वस्तू घरात शोधून आणायची नाहीतर तसं काहीतरी करून दाखवायचं. पिवळाधमक आलं की कोणीतरी किचनमधून केळं घेऊन येतं, टुणकन आलं की सोफ्यावरून उडी. (खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.) आमच्याकडे येणाऱ्या एका चिमुरडीला "गुपचूप" आलं, तर ती उठून दार न वाजवता बाहेर गेली आणि बाहेरूनच म्हणाली, "काकू, मी गेले ती कशी गेले?" आता हिला व्याख्या कशाला हवी!

क्रियाविशेषण म्हणजे नुसतं "कसं" नाही हेही सांगा, काम केव्हा झालं, कुठे झालं, किती झालं हेही त्यातच येतं. काल आला, इथे बस, खूप हसला.

आता जिथे हमखास गोंधळ होतो ते. "वडा गरम आहे" यात गरम क्रियापदाला चिकटून बसलंय म्हणून मुलं बेधडक क्रियाविशेषण लिहितात. पण गरम काय आहे, वडाच ना? म्हणजे विशेषणच, फक्त नामाच्या नंतर आलंय.

दुसरं म्हणजे एकच शब्द दोन्ही कामं करतो. "सरळ रस्ता" विशेषण, रिक्षावाल्याला "सरळ चला" म्हणालो की क्रियाविशेषण. "खूप" तर महाबिलंदर, "खूप आंबे" मध्ये विशेषण, "खूप धावला" मध्ये क्रियाविशेषण, आणि "खूप गोड आंबा" मध्ये तो आंब्याबद्दल नाही तर गोडबद्दलच बोलतो की किती गोड, आणि विशेषणाबद्दल बोलणारा शब्दही क्रियाविशेषणातच धरतात, म्हणून तिथेही क्रियाविशेषण. त्यामुळे शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नका, वाक्य हवंच.

शेवटी "-ने" दिसलं की क्रियाविशेषण असा शॉर्टकट क्लासवाले देतात तो तपासून घ्या. "घाईने खाल्लं" ठीक आहे, कसं खाल्लं ते कळतं, पण "चमच्याने खाल्लं" मध्ये चमचा ही वस्तू आहे, कशाने खाल्लं त्याचं उत्तर. इंग्लिश मीडियमच्या मुलांचं असंच "-ली" बघून होतं, स्लोली ॲडव्हर्ब आहे पण फ्रेंडली ॲडजेक्टिव्ह.

आणि "दादा चांगला गातो, ताई चांगली गाते" हे मुद्दाम सगळ्यात शेवटी घ्या. इथे शब्द बदलतोय तरी बाण गाण्याकडेच जातो, दादा एरवी कितीही खोडकर असू दे, गातो चांगला. याला सविकारी क्रियाविशेषण म्हणतात. स्कॉलरशिपची तयारी करणाऱ्यांना हे नाव सांगा, लहानांना बाण काढता आला तरी पुष्कळ झालं.