शाळेत न जाणाऱ्या मुलांचा मंगळवार

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं ठरलं की लोक अभ्यासाचं नंतर विचारतात, आधी सोबतीचं. "याला मित्र कुठून मिळणार?" हे सासूबाईंनी विचारलं, वॉचमनकाकांनी विचारलं, दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा, तोंडात यंत्र असताना. आमचं उत्तर म्हणजे मंगळवार. पाच घरं, आठ मुलं, वयं पाच ते बारा. पुण्यात कोथरूडमध्ये पाळीपाळीने कुणाच्या तरी घरी, दहा ते दोन.

तुम्हाला असा गट जमवायचा असेल तर सुरुवातीला दोनच घरं शोधा. मोठ्यांनी एकदा चहाला बसून ठरवून घ्या: मोबाइल चालेल का, भांडणात मध्ये कधी पडायचं, सर्दी झालेलं मूल आणायचं का. अभ्यासावरून कुणाचं बिनसत नाही. आमच्याकडचं एक घर सुटलं ते सर्दीवरून.

माझी चूक सांगते. मी वेळापत्रक केलं होतं, रंगीत, लॅमिनेट करून. १० ते १०.४० गणित, मग मराठी. देवघरातली घंटाही वाजवायचे. सहाव्या आठवड्यात लेक म्हणाली, "आई, मग शाळेतच जाऊ ना, तिथे निदान घसरगुंडी तरी आहे." त्या कागदावर आता मुलं माती मळतात.

आता नियम असा की ज्याचं घर, त्याने एकच गोष्ट काढायची, तीही तास-दीड तासाची. पुढचा वेळ मोकळा. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची आगपेटीतल्या काड्यांची खेळणी आमच्याकडे सगळ्यात जास्त चालली. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा, बारीक तुकडे करा, काड्यांची गुल आधी खरवडून टाका आणि तुकड्यांनी काड्या जोडा. चौकोन लुळा पडतो, त्रिकोण हलत नाही. हे कळल्यावर मुलं दोन दिवस पूल, मनोरे आणि खिडक्यांच्या जाळ्यांमध्ये त्रिकोण शोधत होती. एकदा शंभर रुपये देऊन महात्मा फुले मंडईत सोडलं. बारा वर्षांची घासाघीस करते, सहा वर्षांचा सुटे मोजतो, आणि पावशेर म्हणजे किती यावरून भाजीवाल्या मावशी दोघांची शिकवणी घेतात. काहीच सुचलं नाही तर वेताळ टेकडीवरची खाण. कापलेला बेसाल्टचा खडक समोर उभा असतो, फार बोलावं लागत नाही.

पुस्तकांवर खर्च नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही.

जेवण ज्याचं त्याने डब्यात आणायचं, यजमानाने फक्त ताक करायचं. हा नियम पुरणपोळीनंतर आला. एकीने पुरणपोळ्या केल्या, दुसरीने पावभाजी, तिसरीने चक्क उंधियो, आणि चौथी म्हणाली की माझी पाळी पुढे ढकला. पैसे घरटी महिना दोनशे, बिस्किटांच्या डब्यात. घरात कायम दोन मोठी माणसं हवीत. एक मोठ्या मुलांबरोबर, एक धाकट्यांच्या मागे.

माझा मुलगा साडेआठ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. मी रात्री जागायचे, दिवसा त्याच्यासमोर हसायचे. शेवटी वाचायला लागला तो बसच्या पाट्यांवरून, आपली बस चुकू नये म्हणून. त्या काळात मी वहीत रोज दोन ओळी लिहायचे: आज काय केलं, काय विचारलं. तेवढं जरूर करा. घाबरल्यावर मागची पानं उपयोगी पडतात.

कायद्याचं थोडक्यात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा शब्द नाही. कलम १० मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतं, पण न केल्यास शिक्षा सांगत नाही. हे माहीत असूनच या वाटेला जा. दहावी मुक्त विद्यालयी संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून देता येते. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, विषय पाच, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय सुटे सुटे देता येतात. आमच्यातल्या मोठीची तयारी आता सुरू होईल.

पहिल्या मंगळवारी काही शिकवायला जाऊ नका. चटई अंथरा, पत्ते, चेंडू, कात्री ठेवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात बसा. निघताना पाण्याच्या बाटल्या मात्र मोजा. माझ्या ओट्यावर आत्ता चार आहेत, त्यातली एकही आमची नाही.