कॉलेजातलं पहिलं बीजगणित: नक्की काय शिकवतात?

कॉलेजच्या पहिल्या बीजगणिताचा अभ्यासक्रम वाचला की अर्धी नावं शाळेतलीच दिसतात. रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, बहुपदी, घातांक. त्यामुळे सुरुवातीला वर्गात सगळे निवांत असतात आणि थोड्याच आठवड्यांत तोच निवांतपणा अंगाशी येतो. हा कोर्स मी केला, पुढे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या शंका सोडवायलाही बसले. गाडं बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतं: फलन, म्हणजे फंक्शन.

शाळेत प्रश्न असतो, ‘क्ष काढा’. इथे बऱ्याचदा क्ष काढायचाच नसतो. क्ष बदलला की बाकीचं कसं बदलतं ते बघायचं असतं. फलनाचं फ(क्ष) हे लिखाण दिसायला गुणाकारासारखं, पण ती आहे एक कृती: कंसात जे येईल त्यावर अमुक करा. फ(क्ष) = क्ष² + १ असेल तर फ(क्ष + २) म्हणजे (क्ष + २)² + १. बरेच जण क्ष² + ३ लिहून मोकळे होतात, कारण त्यांनी २ कंसात न घालता शेवटी मिळवलेले असतात. ही एक गोष्ट पक्की झाली की आलेख सरकवण्याचा धडा सोपा जातो. फ(क्ष − २) चा आलेख उजवीकडे का सरकतो? वजा आहे म्हणजे डावीकडे जायला हवा, असं वाटतं. पण क्ष² सर्वांत लहान होतो क्ष = ० ला, तर (क्ष − २)² सर्वांत लहान व्हायला क्ष २ असावा लागतो. पाठ करण्यासारखं यात काही नाही.

वर्गसमीकरणांकडे इथे वेगळ्या नजरेनं बघायला शिकवतात. क्ष² − ६क्ष + ५ ही राशी घ्या. आहे तशी ठेवली तर आलेख उभ्या अक्षाला ५ वर छेदतो, हे लगेच कळतं. अवयव पाडून (क्ष − १)(क्ष − ५) लिहिली तर आडव्या अक्षाला तो १ आणि ५ वर छेदतो. पूर्ण वर्ग करून (क्ष − ३)² − ४ लिहिली तर सर्वांत खालचा बिंदू (३, −४) दिसतो. राशी तीच, पण प्रत्येक रूप वेगळी माहिती देतं. कोणता प्रश्न आला की कोणतं रूप घ्यायचं हे ओळखता येणं म्हणजेच माझ्या मते या कोर्सचा निम्मा भाग. सूत्र तोंडपाठ असलेली मुलंही इथे चाचपडतात.

त्यानंतर मोठ्या घाताच्या बहुपदी येतात. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणासाठी वर्गसमीकरणासारखं मुळांचं सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञानं १८२४ साली सिद्ध केलं. म्हणून शेष सिद्धांत (बहुपदीला क्ष − अ नं भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे क्षच्या जागी अ घातल्यावर येणारी किंमत), अवयव सिद्धांत (ती बाकी ० असेल तर क्ष − अ हा अवयव) आणि आलेखाचा अंदाज यांच्यावर भर असतो.

दुसरी नवी सवय म्हणजे प्रत्येक पायरीला ‘हे चालतं का?’ असं विचारणं. (क्ष + ६) चं वर्गमूळ = क्ष हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ० मिळतं आणि उत्तरं येतात ३ आणि −२. पण −२ मूळ समीकरणात घाला: डावीकडे ४ चं वर्गमूळ, म्हणजे २; उजवीकडे −२. हे उत्तर वर्ग करताना घुसलेलं आहे, ते टाकायचं. तसंच (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) याला संक्षिप्त रूप देऊन क्ष + ३ लिहिलंत, तरी क्ष = ३ ला मूळ फलन अस्तित्वातच नसतं; आलेखात तिथे एक बारीक भोक राहतं. कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) सीमा, म्हणजे लिमिट, शिकताना हेच भोक पुन्हा भेटतं, तेव्हा प्रांत, म्हणजे क्षच्या कोणत्या किमती चालतात ते, लिहायचा कंटाळा करू नका.

लॉगरिदमला उगाच घाबरतात. घातांकी फलन (ज्यात क्ष घातांकात असतो, जसं २ चा क्षवा घात) उलटं फिरवलं की लॉगरिदम, एवढंच. १६१४ मध्ये स्कॉटलंडच्या नेपियर या गणितज्ञानं ते मांडलं ते किचकट गुणाकारांची बेरीज करून टाकायला. आज उपयोग होतो तो घातांकात अडकलेला क्ष खाली आणायला: दर वर्षी ७ टक्के वाढणारी रक्कम दुप्पट कधी होईल? लॉग २ भागिले लॉग १.०७, साधारण सव्वादहा वर्षं. मात्र बेरजेचा लॉग सुटा होत नाही: लॉग(अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब नव्हे. तो मोह उत्तरपत्रिकांत दरवर्षी दिसतो.

एकसामयिक समीकरणं आणि आव्यूह (मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे) बहुतेकांना जड जात नाहीत. तिथे फक्त आकडेमोड सांभाळायची.

कोर्स सुरू होण्याआधी काही करायचंच असेल तर नवे धडे चाळू नका, अपूर्णांक घासून घ्या. (क्ष + ३) भागिले ३ यातले दोन्ही ३ खोडायला हात शिवशिवत असेल, तर क्षच्या जागी ६ घालून बघा. खरं उत्तर ३. खोडाखोड केली तर उरतात ६.